दगडाला विटाळ नाही

वाडगा त्याच्या कपाळावर बसला तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. मोठा मासा पाटावर घेतला तरी शेपटी आपटत राहतो, मग मी त्याच्या डोक्यात दांडका घालते, तेव्हा होतो तेवढाच. ओला, बुटका आवाज. चाळीस वर्षं ऐकत आलेय मी तो, आणि दर वेळी त्याच्यामागून येणारी शांतता मला आवडते. खोटं कशाला बोलू. आताही ती आली. एकोणीस माणसं माझ्या अंगणात जेवायला बसलेली, आणि एकाच्याही नाकातून श्वास बाहेर पडेना. वाडगा खाली पडला, गरगरत भिंतीपर्यंत गेला आणि तिथे टेकला. फुटला नाही. दगडाचा तो, कसा फुटेल. बरातेस मात्र बसल्या जागी पुढे वाकला, जसं काही मधल्या थाळ्यात काय वाढलंय ते त्याला नीट बघायचं होतं. त्याच्या भुवईवरून पहिला थेंब सुटला तो सगळ्यांच्या मसुरात पडला. मग दुसरा. मग धारच लागली. मी माझ्या हाताकडे बघत होते. तो अजून पुढेच होता, बोटं उघडी. खांदा धरलाय माझा दोन वर्षांपासून. सकाळी केस बांधायला हात वर जात नाही, मीखलला हाक मारावी लागते. आता बरा गेला वर.

मीखल माझी सून. माझ्या हनानेलची बायको, म्हणजे आता विधवा. तीच आधी उठली. डोक्यावरचा पदर फाडला तिने, त्या माणसाच्या कपाळावर दाबला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, हे काय केलंत?" मी काही बोलण्याआधी माझा दीर मनाहेम बोलला. तो नेहमीच मी बोलण्याआधी बोलतो. "काय केलं म्हणजे? वहिनींनी बरं केलं. वर्षभर उशिरा केलं एवढंच." त्याच्यासमोर भाकर होती, अख्खी, फडक्याखाली वाफाळणारी. दर आठवड्याला शब्बाथचा विसाव्याचा दिवस सरला की दुसऱ्या दिवशी, ऊन उतरायच्या वेळी, आम्ही येशूची माणसं माझ्या अंगणात जमतो, मनाहेम ती भाकर उचलतो, देवाचे आभार मानतो आणि मोडतो. मग एका भाकरीचे सगळे होतात. पण मोडण्याआधी तो विचारतो, इथे कुणाचं कुणाशी वैर आहे का? असलं तर आधी ते मिटवायचं. नाही मिटलं तर भाकर मोडायची नाही. हा आमचा नेम. मनाहेमने ती भाकर दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. "हा इथे बसणार असेल तर मी मोडणार नाही. घर तुमचं आहे, वहिनी. एक तर हा उंबऱ्याबाहेर जाईल, नाहीतर भाकर अशीच पडून राहील आणि आम्ही जाऊ. बोला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बरातेसनेही, एका डोळ्याने. दुसरा रक्ताने चिकटला होता.

तो वाडगा माझ्या आईचा. यरुशलेमजवळच्या खाणीतला पांढरा दगड, चाकावर फिरवून इतका पातळ केलेला की उन्हात धरला तर आतली बोटं दिसतात. माझ्या लग्नात तिने तो दिला तेव्हा म्हणाली होती, मातीला जपशील तर दमशील, याला जपायला नको. आम्हा यहुद्यांत लहान पोरीलाही हे ठाऊक असतं. मातीचं भांडं विटाळलं की विटाळलं. घासा, उकळा, समुद्रात बुडवा, विटाळ मातीच्या आत जाऊन बसतो आणि निघत नाही. ते फोडायचंच. पण दगडाला विटाळ नाही. दगडात कुणीही खाल्लं, रोम्याने खाल्लं, सीरियाच्या माणसाने खाल्लं, डुकराला हात लावून आलेल्याने खाल्लं, तरी पाणी फिरवलं की झालं. माझ्या मासे खारवायच्या कोठारामागे खापऱ्यांचा एक ढीग आहे. सहा पावसाळे खाऊन आता त्यावर गवत आलंय. तो सगळा मी एका दुपारी केलेला आहे. हनानेलला मातीत घालून आम्ही परत आलो होतो, आणि मागोमाग पलटणीचे शिपाई घर धुंडाळायला आले. हत्यारं शोधत होते म्हणे. रांजणात भाले खुपसले, पिठात हात घातले, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं काढून वास घेतले. एक जण माझ्या घागरीतलं पाणी घागरीलाच तोंड लावून प्याला. ते गेल्यावर बायका रडत बसल्या. मी नाही रडले. मी एकेक भांडं उचललं, कोठारामागे नेलं आणि धोंड्यावर आपटलं. घागर, तवली, तेलाचं बुधलं, हनानेलचा लहानपणचा पेला. तो पेला त्यांनी हाताळला होता की नाही ते मी बघितलं नव्हतं. तरी फोडला. मनगटापर्यंत हात चिरले होते. मीखल मधे आली तेव्हा तिलाही मी ढकलली, आणि ती पोटुशी होती. त्या रात्री तिचं पोट पडलं. वैदिणीने सांगितलं दुःखाने पडलं. मीखलने मला कधी काही विचारलं नाही. आता तीच त्या माणसाचं कपाळ दाबून बसली होती, आणि तिची पाठ माझ्याकडे होती.

वर्षापूर्वी यरुशलेमच्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेऊन माणूस आला. यहुदी नसलेल्या परक्यांनाही आत घ्या, त्यांच्यावर सुंतेचं ओझं घालू नका, मूर्तीपुढचं खाऊ नका आणि रक्त खाऊ नका एवढं सांगा, पुरे आहे. मी त्याला विचारलं, बाबा, तुझ्या आईच्या चुलीला हात लावायला देशील का त्यांना? तो हसला, माझी तळलेली तांबोशी खाऊन गेला. पुढच्या आठवड्यात बरातेस आला. बंदरावर दोर वळतो. खांदे बैलाचे आणि आवाज शेळीचा. पूर्वी शिपाई होता, पाय मोडला म्हणून सुटला. कुठल्या पलटणीत ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्याचा बाप्तिस्मा झाला, समुद्रातून थंडीने कुडकुडत बाहेर आला, आणि सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. मी मारली नाही. माझे हात माशाचे आहेत म्हणाले. मग जेवायची वेळ आली. तो मधल्या थाळ्याशी बसणार, त्यात भाकर बुडवणार, आणि दर आठवड्याला मला एक थाळा फोडावा लागणार. ते झालं असतं तर बोभाटा झाला असता. नाही फोडला तर माझा घास गिळला गेला नसता. मी आत गेले, आईचा वाडगा काढला, त्यात मसूर वाढले आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला. "हा तुझा," म्हणाले.  आमच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं; त्यांना लगेच कळलं. पण त्याच्याबरोबर बंदरावरून आलेले जे दोघे-तिघे परके दारात उभे होते त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बरातेसने वाडगा उचलला, उन्हात धरला. "मावशी, असलं भांडं मी सुभेदाराच्या टेबलावर पाहिलं होतं. मला?" मी म्हणाले, "तुलाच." आणि वर्षभर मी ते तसंच चालू दिलं. दर आठवड्याला तो तो वाडगा भाकरीने पुसून लख्ख करायचा, दोन्ही हातांनी मला परत द्यायचा आणि वाकायचा. दर आठवड्याला मी ते वाकणं घ्यायची. बंदरावर माझं नाव झालं. शेलममावशीने परक्याला दगडाच्या वाडग्यात जेवू घातलं, म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर हळूहळू मलाही वाटायला लागलं होतं की मी मोठ्या मनाची आहे. पाट पुसताना, मिठाचे थर लावताना, मनातल्या मनात मी स्वतःचं कौतुक ऐकायची.

आज मनाहेमला चेव आला होता. सकाळी गावातल्या सीरियावाल्यांच्या पोरांनी आमच्या प्रार्थनाघराच्या दारात पालथं मडकं ठेवून त्यावर पाखरं कापली होती, आम्हाला चिडवायला. मनाहेम हात धूत होता तेव्हाच धुसफुसत होता. बसल्या बसल्या त्याने सुरुवात केली. "काय रे बरातेस, आवडतो वाटतं वाडगा?" बरातेस म्हणाला, "फार, काका." "आवडणारच. का दिलाय ठाऊक आहे?" मी म्हणाले, "भावोजी, भाकर गार होतेय." "होऊ दे. अहो, वर्षभर बिचारा वाकतोय, त्याला सांगायला नको? दगडाला विटाळ नाही, बाबा. आमच्या मातीच्या थाळ्यात तू बोट बुडवलंस तर तू गेल्यावर तो फोडावा लागेल. म्हणून तुला राजाचं भांडं. आमच्या वहिनी हुशार आहेत. कुत्र्यालाही त्या चांदीत वाढतील, पण घरच्या थाळ्यात नाही." कुणीतरी हसलं. आमच्यातलंच. मी बरातेसकडे बघितलं नाही; मी त्याच्या हातांकडे बघितलं. ते वाडग्याभोवती होते आणि हलले नाहीत. "मला ठाऊक आहे, काका," तो म्हणाला. "दुसऱ्याच आठवड्यात मीखलताईंनी सांगितलं. मी विचारलं होतं त्यांना, इतका मान का म्हणून." मीखलने मान खाली घातली. मग तो माझ्याकडे वळला. "मावशी, मला तो वाडगा बरोबर वाटला. त्याहून जास्त मागायला मला तोंड नाही. त्या दिवशी चौकात मी होतो. तुमचा मुलगा गेला त्या दिवशी. राज्यपालाचा हुकूम आला, आणि आम्ही दंडुके घेऊन गल्लीत शिरलो. मी तिसऱ्या रांगेत होतो. एकाला मी पाठीमागून मारलं. तो पडला. पडल्यावर आणखी तीनदा मारलं. त्याचं तोंड खाली होतं. कोण होता ते मला ठाऊक नाही. तुमचा असेल. नसेल. मी वर्षभर सांगायचं म्हणत होतो." हे म्हणून त्याने अजून काही न वाढलेला वाडगा बाहीने पुसला आणि नेहमीसारखा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी घेतला. आणि फेकला.

आता ही भाकर माझ्यापुढे होती. हनानेलला घरी आणला तेव्हा त्याचं तोंड धड होतं. मागून डोक्याचं हाड आत गेलं होतं, पिकलेल्या डाळिंबासारखं. मी त्याला स्वतः धुतला. कुणाला हात लावू दिला नाही. केसांतून माझी बोटं आत गेली, जिथे जायला नको तिथे गेली, आणि त्या मऊपणाची आठवण माझ्या बोटांना अजून आहे. मोठ्या माशाच्या गालात बोट घालून ओढते तेव्हा ती येते आणि मी थांबत नाही, ओढते. पाठीमागून. हा पाठीमागून म्हणाला. पडल्यावर तीनदा. मी धुताना घाव मोजले नव्हते. आता मोजावेसे वाटले. आत कोठारात मासे चिरायची सुरी खुंटीला होती, पंधरा पावलांवर. मी त्या पावलांवरून मनातल्या मनात गेले, सुरी घेतली, परत आले. त्याचा गळा मला ठाऊक झाला, कुठे धरायचा, कल्ल्याखाली कुठे टेकवायची. हे सगळं मी बसल्या जागी केलं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. देवाशप्पथ, भूक लागल्यावर सुटतं तसं. तो म्हणाला, "कोण होता ते मला ठाऊक नाही." हेच मला सहन होईना. ठाऊक असतं तर मी मारला असता, किंवा पायावर पडून रडला असता तर कदाचित हाकलला असता. पण तोंड खाली होतं म्हणे. तोंडच बघितलं नाही. कुणी असं कसं मारू शकतं, तोंड न बघता? हे मनात आलं आणि त्याच्या मागून, न बोलावता, माझं छप्पर आलं.

त्याच दिवशीची सकाळ. पलटण यायच्या आधी. आमची पोरं आणि त्या सीरियावाल्यांची पोरं चौकात एकमेकांवर धावून गेली होती आणि आमची जिंकत होती. हनानेलही त्यांत होता, बाही वर करून, हसत. मी छपरावर चढले. मीखलने शिडी धरली. जाळ्यांना लावायची दगडी वजनं असतात, मधे भोक पाडलेली, मुठीएवढी. माझ्याकडे टोपलीभर होती. मी एकेक उचलून मागच्या गल्लीत टाकत होते. त्यांच्या गल्लीत. नेम धरून नाही. नेम धरायला खाली बघावं लागतं, आणि मी कठड्याआड वाकून होते, म्हणजे मला कुणी मारू नये. टोपली संपेपर्यंत टाकली. शेवटून तिसऱ्याला, मघाशी ऐकला तसा आवाज आला. ओला, बुटका. आणि एक बाई किंचाळली. दगड लागल्याचं किंचाळणं नव्हे ते, जवळच्या कुणाचं तरी. एकच नाव ती पुन्हा पुन्हा घेत होती, लहान मुलाला घेतात तसं, शेवटी लांबवून. मला त्यांचं ते बोलणं येत नाही, पण नाव हे नाव असतं. मी खाली बघितलं नाही. उरलेली दोन वजनंही टाकली. मग शिडीवरून उतरले आणि मीखलला म्हणाले, चला, भात्यातले बाण संपले. हसलो आम्ही. दुपारी हनानेलला आणलं, आणि मग त्या बाईचं किंचाळणं माझ्या किंचाळण्याखाली गाडलं गेलं. सहा वर्षं ते तिथे होतं, खापऱ्यांच्या ढिगाखाली. त्या बाईने मग काय फोडलं असेल? त्यांच्यात फोडतात का?

"वहिनी," मनाहेम म्हणाला. "आम्ही वाट बघतोय." माझ्या तोंडाचं पाणी आटलं होतं. मी म्हणाले, "मी पण." "काय मी पण?" "मी पण टाकली. छपरावरून, जाळ्याची वजनं. मागच्या गल्लीत. कुणाला तरी लागलं. पोर असावं. मी बघितलं नाही." अंगणात कुणी खोकलं. मनाहेमचा चेहरा आधी समजला नाही असा झाला, मग लाल. "ते वेगळं, वहिनी! ती लढाई होती. ते परके!" "हो," मी म्हणाले, "त्याच्यासाठी आपण परके." "तुम्ही हनानेलच्या रक्ताशी..." "हनानेलचं नाव तुम्ही घेऊ नका, भावोजी. त्याला धुतला मी. तुम्ही तेव्हा तेलाच्या कोठीत लपला होतात, अजून वास येतो तुमच्या दाढीला." कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. मीखल वळली. शिडी तिने धरली होती. तिने माझ्याकडे जे बघितलं त्यात शिडी होती, पोट होतं, सगळं होतं, आणि मी मान खाली घातली. माझ्या सुनेपुढे, जन्मात पहिल्यांदा.

मनाहेम उठला. त्याच्यामागे आठ-नऊ उठले. माझी सख्खी चुलत बहीण त्यांत होती, पायताण घालताना ती म्हणाली, "शेलम, तुझ्या मढ्याला खांदा द्यायला आमच्यातलं कुणी येणार नाही." मी म्हणाले, "जड नाही मी फार." दार आपटलं. बरातेसही उठायला लागला. "मी जातो, मावशी. माझ्यापायी तुमचं घर मोडतंय." "बस खाली," मी ओरडले. "अर्धं अंगण रिकामं करून आता तू पण जातोस? बस!" तो बसला. कपाळावरचा पदर लाल झाला होता.

मग मी भाकर घेतली. मी कधी मोडली नव्हती; ते पुरुषांचं काम. विचारायचं असतं ते विचारलं नाही, कुणाचं कुणाशी वैर आहे का म्हणून. उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या छातीत ते बसलं होतं, या माणसाबद्दलचं, जिवंत, कल्ले हलवत. मी त्याला माफ केलं नव्हतं. आजही केलंय असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तरी वर आभार मानले आणि मोडली. धरलेला खांदा दुखला. रक्त पडलेले मसूर मी मातीत ओतले, थाळा तसाच रिकामा हातात धरला. हात आपोआप वर गेला. सवयीने, कोठारामागच्या धोंड्याकडे. रक्त, परका, माती, तिन्ही एकत्र; याहून जास्त विटाळ काय असतो? सगळे माझ्या हाताकडे बघत होते, आणि मी पण, मघासारखीच. मीखल म्हणाली, "आई," एवढंच.

मी चुलीशी गेले, त्याच थाळ्यात हंडीतले नवे मसूर वाढले आणि त्याच्या आणि माझ्या मधे ठेवला. थाळ्याच्या काठावर अजून एक तांबडा ओघळ होता. दगडी वाडगा भिंतीशी पडला होता, तिथेच राहू दिला. भाकरीचा एक तुकडा त्याला दिला, एक मी घेतला. त्याने तुकडा हातात धरला आणि बुडवेना. हात थाळ्यावर थांबला होता, दोर वळून वळून चिरलेली बोटं. ही बोटं, मला वाटलं. यांनीच कदाचित. 

"बुडव," मी म्हणाले.

"मावशी, मग फोडावा लागेल."

"घरात आता फोडायला दुसरं काही उरलं नाही. बुडव म्हणते ना. आणि आधी ते कपाळ पूस नीट. माझ्या मसुरात मीठ बरोबर असतं, वरून नको."

त्याने पुसलं. बुडवलं. त्याच्या बोटांजवळ, जिथे त्याची बोटं बुडली तिथेच, मी माझी बुडवली, आणि खाल्लं. घास खाली उतरायला फार वेळ लागला.